अंगणातले जुने सोबती

मे महिना हा पवित्र मरियेचा महिना. घरोघरी तिच्या मूर्तीपुढे फुले ठेवावीत, सायंकाळी सर्वांनी मिळून जपमाळेची प्रार्थना करावी, ही आपल्या कुटुंबांतील जुनी रीत. या रीतीचा प्रसार अठराव्या शतकात इटलीत झाला आणि तेथून ती जगभर गेली. ज्या भूमीत ती वाढली तेथे मे म्हणजे ऐन वसंत. कुंपणांवर गुलाब लगडलेले असतात आणि मुलांनी ओंजळी भरून आणल्या तरी फुले सरत नाहीत. आमच्या परभणीत मे म्हणजे बेचाळीस-चव्वेचाळीस अंशांवर गेलेला पारा, तळ गाठलेले आड आणि हात आत जाईल एवढ्या भेगा पडलेली काळी जमीन. अशा महिन्यात मरियामातेपुढे ठेवायला फुले आणावीत तरी कोठून, असे एखाद्या परगावच्या पाहुण्याने विचारले तर त्यात नवल नाही.

आणि तरीही फुले मिळतात. मोगरा तर याच दिवसांत बहरतो. खुरचाफ्याच्या निष्पर्ण फांद्यांवर पांढरेपिवळे झुबके येतात. कण्हेर फुललेली असते, सदाफुली तर असतेच असते. यांतले एकही झाड या वर्षी कोणी पेरलेले नसते. कोणी दहा वर्षांपूर्वी लावलेले, कोणी आजीच्या हातचे. वनस्पतिशास्त्रात अशांना बहुवर्षायू म्हणतात. झेंडू, तेरडा यांसारखी एका हंगामात आयुष्य उरकणारी फुले वेगळी आणि ही वेगळी. ही घराबरोबर राहतात, दुष्काळात घराबरोबर सोसतात आणि पुष्कळदा घरातल्या माणसांच्या मागे उरतात. त्यांचा इतिहास शोधू लागलो तेव्हा तो आम्हांला परभणीहून लिस्बन, मेक्सिको आणि मादागास्करपर्यंत घेऊन गेला. त्यातला काही भाग येथे सांगत आहोत.

प्रथम आमच्या जिल्ह्याविषयी थोडेसे. संत जनाबाईंचे गंगाखेड गोदावरीच्या काठी आहे. पूर्णा आणि दुधना याच जिल्ह्यातून वाहतात. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा भाग हैदराबादच्या निजामी राज्यात होता. १९५६ साली तो मुंबई राज्यात आला आणि १९६० साली महाराष्ट्रात. १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा यातून वेगळा झाला. १९७७ साली स्थापन झालेल्या औरंगाबाद धर्मप्रांतात आम्ही मोडतो. येथील ख्रिस्ती घरे थोडी आणि विखुरलेली. शेतीच्या जगात परभणीचे नाव आहे ते १९७२ साली स्थापन झालेल्या कृषी विद्यापीठामुळे, ‘परभणी क्रांती’ भेंडीमुळे आणि ‘परभणी मोती’ ज्वारीमुळे. फुलांसाठी परभणी कोणी ओळखत नाही. वसईच्या वाचकांना विहिरीच्या पाण्यावर डुलणारी आणि दादरच्या बाजाराला टोपल्या पाठवणारी वाडी ठाऊक आहे. तशी वाडी येथे नाही. येथे आहे ते माळवदाच्या घरापुढचे अंगण आणि न्हाणीच्या मोरीचे पाणी जेथे बाहेर पडते तेवढा ओला तुकडा. त्या तुकड्यावर कर्दळ आणि अळू, त्याच्या कडेला गुलबक्षी, जरा दूर मोगरा, आणि पाणी पोहोचत नाही तेथे कण्हेर नि खुरचाफा. अंगणाचा हा नकाशा कोणी शिकवलेला नसतो. पाण्याच्या वाटेने तो आपोआप आखला जातो.

यांतील मोगरा, कण्हेर, जाई आणि पारिजातक ही येथे फार जुनी. ज्ञानदेवांच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या एका अभंगात मोगऱ्याच्या रोपाचे रूपक आहे, हे सर्वांना ठाऊक आहे. म्हणजे दारापुढे मोगरा लावण्याची हौस मराठी माणसाला कित्येक शतकांची. आपल्या फादर थॉमस स्टीफन्स यांनाही या फुलाने मोहून टाकले होते. हे इंग्रज येशूसंघीय धर्मगुरू १५७९ साली गोव्यास आले आणि त्यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली छापले गेले. मराठी भाषेची थोरवी सांगताना त्यांनी जी उपमाने योजली त्यांत मोगऱ्याचे फूल आहे. ज्याच्या मायदेशी मोगरा उघड्यावर तग धरीत नाही त्या माणसाला आपल्या भाषेची बरोबरी करायला हेच फूल सुचावे, याचे आम्हांला फार अप्रूप वाटते. त्यांनी ते पुस्तकात वाचलेले नव्हते. कोणाच्या तरी अंगणात त्याचा वास घेतला असणार.

त्यांच्याही आधी गोव्यात आणखी एक परदेशी माणूस आपल्या फुलांकडे पाहत होता. गार्सिया द ओर्ता हे पोर्तुगीज वैद्य. १५६३ साली त्यांचा औषधी वनस्पतींवरील ग्रंथ गोव्यात छापला गेला. भारतात छापल्या गेलेल्या अगदी आरंभीच्या पुस्तकांत त्याची गणना होते. मुंबई बेट काही काळ त्यांच्याकडे खंडाने होते आणि तेथे त्यांची बाग होती. संवादाच्या रूपाने लिहिलेल्या या ग्रंथात एक प्रकरण पारिजातकावर आहे. रात्री फुलून पहाटे सडा घालणाऱ्या या झाडाला पोर्तुगीज लोक ‘दुःखी वृक्ष’ म्हणत. ओर्तांचे पूर्वज ज्यू होते आणि त्यांच्या घराण्याला सक्तीने ख्रिस्ती करण्यात आले होते. ओर्ता १५६८ साली वारले. पुढे १५८० साली धर्मन्यायालयाने त्यांची हाडे थडग्यातून उकरून जाळली. आपल्या पाक्षिकात-त्रैमासिकात मिशनऱ्यांच्या विद्याप्रेमाच्या कथा आपण आवडीने छापतो, त्या छापाव्यातच. पण पारिजातकाचे पोर्तुगीज भाषेत पहिले वर्णन करणाऱ्या माणसाच्या अस्थींचे काय झाले, हेही त्याच इतिहासाचे पान आहे आणि ते मिटून ठेवू नये असे आम्हांला वाटते.

आता बाहेरून आलेल्या फुलांकडे वळू. वाचकांना सर्वांत आश्चर्य वाटेल ते खुरचाफ्याचे. देवळाच्या आवारात, दर्ग्यापाशी, कब्रस्तानात, आपल्या दफनभूमीत, सगळीकडे दिसणारे हे झाड मुळातले मेक्सिको, मध्य अमेरिका आणि कॅरिबियन बेटांचे. कोलंबस तेथे पोहोचला १४९२ साली, म्हणजे त्याआधी हे झाड आपल्याकडे असण्याचे कारण नव्हते. आपला मूळचा चाफा तो सोनचाफा; त्याचे कुळही निराळे. खुरचाफ्याचे शास्त्रीय नाव ‘प्लुमेरिया’ हे शार्ल प्लुमिये या फ्रेंच व्रतस्थाच्या नावावरून पडले. ते मिनिम संघाचे साधू होते आणि सतराव्या शतकाच्या अखेरीस कॅरिबियन बेटांवर वनस्पती गोळा करीत हिंडले. दफनभूमीतल्या ज्या झाडाखाली आपण उभे राहतो त्याच्या नावात एका संन्याशाचे नाव दडले आहे, हे आमच्या धर्मग्रामातील पुष्कळांना ठाऊक नव्हते. आम्हांलाही ते उशिरा कळले.

परंतु नावापेक्षा प्रवास अधिक महत्त्वाचा आहे. त्या काळी अमेरिकेहून युरोप आणि तेथून आफ्रिकेला वळसा घालून गोवा, किंवा मेक्सिकोहून फिलिपिन्समार्गे पूर्वेकडून, असा हा प्रवास महिन्यांचा होता. जहाजावर गोडे पाणी माणसांनाच पुरत नसे, ते रोपांना कोण घालणार? त्यात खाऱ्या वाऱ्याचा मारा. बहुतेक जिवंत रोपे वाटेतच मरत. १८२९ साली नथानिएल वॉर्ड या लंडनच्या डॉक्टरला असे दिसले की बंद काचेच्या पेटीत ओली माती असली तर तीच वाफ पुन्हा पाणी होऊन रोप जगवते. १८३३ साली अशा पेट्यांतून रोपे इंग्लंडहून सिडनीला सुखरूप पोहोचली. त्यापुढे नाजूक झाडांचेही दळणवळण सोपे झाले. पण त्याआधीच्या तीन शतकांत जी झाडे आली ती स्वतःच्या हिमतीवर आली. आणि ही हिंमत म्हणजे काय? खुरचाफ्याची फांदी तोडली की चीक येतो, तो सुकून जखम बंद होते आणि फांदी आठवडेच्या आठवडे मातीशिवाय जिवंत राहते. गुलछडी ही मेक्सिकोची. ती कोरड्या कंदाच्या रूपाने झोपून राहते. कर्दळीचा कंद जमिनीखाली, गुलबक्षीचे मूळ मुळ्यासारखे जाड आणि बी मिऱ्यासारखे कठीण. ज्या झाडांनी आपले पाणी आपल्याच अंगात साठवले तीच समुद्र ओलांडू शकली.

आणि येथेच आम्हांला परभणीच्या अंगणाचे कोडे उलगडल्यासारखे वाटते. जो गुण जहाजावर कामी आला तोच पुढे मराठवाड्याच्या उन्हाळ्यात कामी आला. आमचा मे महिना हाही पाण्याविना करायचा एक लांब प्रवासच आहे. खुरचाफा थंडीत पाने गाळतो, मेल्यासारखा दिसतो, आणि सर्व काही करपत असताना बोडक्या फांदीवर फुलतो. गुलबक्षी हिवाळ्यात वरून वाळून जाते. जून महिन्यात मृगाच्या दोन सरी पडल्या की त्याच जागी कोंब वर येतात. नव्या सुनेने ‘येथे काही नाही’ असे समजून ती जागा खणावी आणि सासूबाईंनी ‘अगं थांब, तिथे गुलबक्षी आहे’ असे ओरडावे, हा प्रसंग आमच्या भागात घरोघरी घडतो.

नावांचाही एक मौजेचा भाग आहे. पोर्तुगीज जहाजांतून जी फळे आली त्यांनी आपली नावे बरोबर आणली. अननस, काजू, पपई, बटाटा हे शब्द पोर्तुगिजांच्या तोंडून मराठीत आले. फुलांचे मात्र तसे झाले नाही. त्यांना घरातल्याच कोणाचे तरी नाव मिळाले. सोनचाफ्याच्या ओळखीवर मेक्सिकोच्या झाडाला खुरचाफा, पांढरा चाफा म्हटले. आपल्या कण्हेरीवरून अमेरिकेहून आलेल्या पिवळ्या घंटेसारख्या फुलाला पिवळी कण्हेर म्हटले. फळ बाजारात विकायचे, म्हणून विकणाऱ्याने सांगितलेले नाव चिकटले असेल. फूल मात्र शेजारणीकडून फांदी मागून आणलेले, त्याचे बारसे अंगणातच झाले असेल, असा आमचा तर्क आहे. तो सर्वत्र लागू पडतो असे नाही. बालाघाटच्या डोंगरांत माजलेले सीताफळ हेही अमेरिकेचेच, आणि त्याला तर आपण थेट सीतामाईचे नाव देऊन मोकळे झालो!

निजामी राजवटीमुळे आमच्या भागात फार्सी-उर्दू शब्दांचा वावर मोठा, आणि ‘गुल’ म्हणजे फूल हा शब्द तर अंगणभर पसरलेला आहे. गुलाब, गुलछडी, गुलबक्षी, गुलमोहर. गुलबक्षीचेच पाहा. झाड दक्षिण अमेरिकेकडचे, इंग्रज त्याला ‘पेरूचे नवल’ म्हणत. नाव फार्सी ‘गुल-ए-अब्बास’वरून आलेले. आणि मराठीत त्यावरून एका रंगाचेच नाव पडले. गुलबक्षी रंगाचे लुगडे म्हटले की परभणीच्या बाजारातील कापडवाला नेमके ठाण पुढे करतो. त्याला किंवा गिऱ्हाइकाला पेरू देशाशी काही कर्तव्य नसते.

या गुलबक्षीविषयी आणखी एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. आनुवंशिकतेचे नियम शोधणारे ग्रेगोर मेंडेल हे ब्रनो येथील ऑगस्टिनियन मठाचे संन्यासी आणि १८६८ पासून तेथील मठाधिपती. त्यांचे वाटाण्यांवरील प्रयोग शाळेच्या पुस्तकात असतात. पण १८७० च्या सुमारास त्यांनी गुलबक्षीवरही प्रयोग केले. एकाच परागकणाने बी धरते का, हे त्यांना पाहायचे होते, आणि ते धरते असे त्यांना दिसले. पुढे जर्मन शास्त्रज्ञ कार्ल कोरेन्स यांनी याच झाडावर काम केले. लाल आणि पांढऱ्या गुलबक्षीचा संकर केला तर पहिल्या पिढीत गुलाबी फुले येतात, हे आज शाळकरी मुलांनाही शिकवतात. १९०९ साली त्यांनी दुसरी एक गोष्ट दाखवली. काही गुलबक्षींची पाने हिरव्यापांढऱ्या ठिपक्यांची असतात. हिरव्या फांदीवरच्या फुलाला कोणत्याही झाडाचे पराग लावा, बियांतून हिरवीच रोपे येतात; पांढऱ्या फांदीवरच्या फुलाच्या बियांतून पांढरी येतात आणि हरितद्रव्याअभावी मरतात. पानांचा हा गुण केवळ आईकडून येतो, बापाचा त्यात काडीचा वाटा नाही. ज्यांच्या अंगणात लाल आणि पांढरी अशा दोन्ही गुलबक्षी असतील त्यांनी मुलांना घेऊन हा खेळ एक-दोन पावसाळे अवश्य करून पाहावा. सायंकाळी चार-पाचच्या सुमारास फुले उमलतात. उमलण्यापूर्वीच कळीतील पुंकेसर काढून टाकावे लागतात, एवढे मात्र विसरू नये. बिया मुलांच्या तोंडात जाऊ देऊ नयेत.

आता कृष्णकमळ. आमच्या मते या सर्व कहाणीचे मर्म याच वेलीत आहे.

ही वेल दक्षिण अमेरिकेची. सोळाव्या शतकात स्पॅनिश धर्मप्रसारकांनी ती पाहिली आणि तिच्या फुलाची विचित्र रचना पाहून ते थक्क झाले. १६१० साली रोममध्ये जाकोमो बोसिओ यांनी ख्रिस्ताच्या क्रूसावर लिहिलेल्या ग्रंथात मेक्सिकोहून आलेल्या वृत्तांताच्या आधारे या फुलाचे वर्णन केले. त्यानंतर युरोपात त्या फुलाचा एक ठरीव अर्थ रूढ झाला. मधली तंतूंची झालर म्हणजे काट्यांचा मुकुट. पाच पुंकेसर म्हणजे प्रभूच्या पाच जखमा. वरचे तीन कुक्षिवृंत म्हणजे तीन खिळे. वेलीचे तणावे म्हणजे चाबूक, टोकदार पान म्हणजे भाला. पाकळ्यांसारखी दहा दले म्हणजे दहा प्रेषित. धरून देणारा यहूदा आणि नाकारणारा पेत्र वगळून. म्हणूनच लिनियसने १७५३ साली या वंशाला दिलेले ‘पॅसिफ्लोरा’ हे नाव म्हणजे दुःखसहनाचे फूल.

तेच फूल महाराष्ट्रात आले आणि आपल्या आयाबायांनी ते हातात घेऊन मोजले. झालरीचे तंतू म्हणजे शंभर कौरव. पाच पुंकेसर म्हणजे पाच पांडव. मधला गोल म्हणजे कृष्ण. कोणी त्याला द्रौपदी म्हणतात, आणि वरच्या तिघांना ब्रह्मा, विष्णू, महेश. त्यांनी बोसिओ वाचलेला नव्हता आणि बोसिओने महाभारत ऐकलेले नव्हते. फूल एकच. पाच ते पाचच आणि तीन ते तीनच. दोन्हीकडे माणसांनी आपल्या सर्वांत खोल कथेतील सर्वांत दुःखाचा भाग त्यात पाहिला. एकीकडे क्रूस, दुसरीकडे कुरुक्षेत्र.

आमच्या घरी ही वेल न्हाणीमागच्या भिंतीवर होती. लहानपणी शाळेतील सोबती कौरव-पांडव मोजून दाखवीत आणि घरी आजी जखमा नि खिळे दाखवीत असे. यांतले खरे कोणते, असे आम्ही एकदा आजीला विचारले. ती म्हणाली, ‘अरे, वेलीला आधी पाणी घाल.’ हे उत्तर टाळाटाळीचे होते की शहाणपणाचे, याचा निर्णय आम्हांला अजून करता आलेला नाही. पण हेही सांगितले पाहिजे की अंगणातील सर्वांत तहानलेली वेल तीच. वर आम्ही जहाज आणि दुष्काळ यांचा जो मेळ घातला त्याला कृष्णकमळ हा अपवाद आहे. खुरचाफा आपल्या अंगातल्या पाण्यावर तगतो, कृष्णकमळ मोरीच्या पाण्यावर.

सदाफुलीचे तसे नाही. ती मादागास्करची. तिला पाणी नको, खत नको, कौतुकही नको. भिंतीच्या भेगेत, थडग्याच्या कडेला, कोठेही उगवते. केरळात तिला प्रेताशी जोडणारे नाव आहे, आणि आमच्याकडेही पुष्कळ जण तिला स्मशानाचे फूल म्हणून घरात लावीत नाहीत. २ नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, आम्ही दफनभूमीत गवत काढायला जातो तेव्हा कोणीही न लावलेली सदाफुली तेथे आधीच हजर असते. १९५८ साली कॅनडातील रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बीअर यांनी या झाडातून मिळवलेल्या एका द्रव्याची माहिती प्रसिद्ध केली. मधुमेहावर तिच्या पानांचा उपयोग होतो का, हे ते पाहत होते. तो झाला नाही, पण रक्तातील पांढऱ्या पेशी कमी झालेल्या त्यांना आढळल्या. त्यातून व्हिनब्लास्टिन आणि पाठोपाठ दुसऱ्या प्रयोगशाळेत व्हिन्क्रिस्टिन ही कर्करोगावरील औषधे मिळाली. लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगात व्हिन्क्रिस्टिन आजही वापरतात. स्मशानाचे फूल म्हणून ज्याला दारात जागा नाकारली त्याने कित्येक घरांतली मुले वाचवली. मात्र यावरून कोणी सदाफुलीची पाने चावून खाऊ नयेत. ती विषारी आहेत, आणि औषध पानांतून काढण्यासाठी कारखाना लागतो. कण्हेरीचेही तेच, पांढरी, लाल, पिवळी, सगळीच विषारी, शेळ्यांनाही तिच्यापासून दूर ठेवावे.

झाडांच्या कागदोपत्री इतिहासात नावे राहिली ती पुरुषांची, आणि त्यांतही विद्वानांची. प्लुमिये, लिनियस, आणि आपल्याकडे फादर एथलबर्ट ब्लॅटर. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजातील वनस्पतिसंग्रहालय आज ब्लॅटर यांच्या नावाने ओळखले जाते. त्याच कॉलेजातील फादर सांतापाव पुढे भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे संचालक झाले आणि १९६७ साली पद्मश्रीने गौरवले गेले. या येशूसंघीयांचे ऋण आपल्यावर आहेच. मराठवाड्याच्या वनस्पतींचा समग्र ग्रंथ मात्र १९९८ साली डॉ. वि. ना. नाईक यांनी सिद्ध केला, तोपर्यंत आमचा प्रदेश शास्त्रज्ञांच्या दृष्टीने काहीसा दुर्लक्षितच होता. पण या फांद्या अंगणापर्यंत आणल्या कोणी? ज्या जहाजांतून खुरचाफा हिंडला त्यांतल्या कित्येकांच्या तळघरात साखळदंडांतली माणसेही होती, आणि तीही आपल्या ओळखीची बी-बियाणी जवळ बाळगीत. जमिनीवर आल्यावर हे काम बायकांनी केले. माहेराहून येताना ओल्या फडक्यात गुंडाळलेली मोगऱ्याची दाबकलमे, शेवंतीच्या काशा, पदराच्या टोकाला बांधलेले गुलबक्षीचे बी. विसाव्या शतकाच्या आरंभी गोदावरी खोऱ्यातील मनमाड-हैदराबाद रेल्वे सुरू झाली तेव्हापासून ही देवघेव लांबची झाली. आमच्या अंगणातील खुरचाफा आजीने पूर्णा जंक्शनच्या रेल्वे वसाहतीतून आणलेल्या फांदीचा. डब्यात उभी करायला जागा नव्हती म्हणून ती छत्रीसारखी काखेत धरून आणली, असे ती सांगे. मागून आणलेल्यापेक्षा चोरून आणलेली फांदी चांगली लागते, असाही बायकांचा एक सिद्धांत आहे. आमची आजी पापनिवेदनाला नियमित जाणारी. तिने या बाबतीत काय केले हे आम्ही विचारले नाही.

१९७२ च्या दुष्काळात या अंगणांची परीक्षा झाली. गावेच्या गावे खडी फोडायला जात होती, तेव्हा फुलझाडांना पाणी घालणे हा विचारच लाजिरवाणा होता. आमच्याकडचे चार गुलाब गेले, जाई गेली, कृष्णकमळ गेले. मोगरा अर्धा वाळला. भांडी राखेने घासून विसळलेले पाणी आई त्याच्या बुंध्याशी ओतीत असे, एवढ्यावर तो तगला. कण्हेर आणि खुरचाफ्याकडे कोणी पाहिलेदेखील नाही. त्या वर्षी मरियेच्या महिन्यात आमच्या घरी फुले होती ती खुरचाफ्याची. आई फुले तोडीत नसे. खाली पडलेलीच वेचून ठेवी. तोडायला झाडाला आणखी कशाला शिणवायचे, असे ती म्हणे.

आज मोरीचे पाणी नळीतून गटारात जाते. अंगणावर फरशी आली. फरशी नाही तेथे दुचाकी उभ्या असतात. रोपवाटिकेतून आणलेले गुलाब एक हिवाळा सुंदर फुलतात आणि मे महिन्यात जातात, मग पुढच्या वर्षी नवे आणायचे. बहुवर्षायू झाड वर्षाचे पाहुणे झाले. आम्हांला हा बदल आवडत नाही, हे लपवण्यात अर्थ नाही. ज्यांच्यापाशी दोन हात मोकळी जमीन आहे किंवा गच्चीवर तेलाचे चार रिकामे डबे आहेत त्यांनी मोगऱ्यापासून सुरुवात करावी. आमच्या काळ्या मातीत पाणी साचून मुळे कुजतात आणि उन्हाळ्यात भेगा पडून तुटतात. म्हणून तीत वाळू आणि जुने शेणखत सढळ हाताने मिसळावे. डिसेंबरात मोगऱ्याचे पाणी तोडावे, थोडी पाने झडू द्यावीत, मग छाटणी करावी आणि फेब्रुवारीत खत घालून पाणी सुरू करावे. ताण सोसल्याशिवाय हे झाड भरभरून फुलत नाही. गुलछडीचे कंद मार्च-एप्रिलमध्ये लावले तर पावसाळ्यात दांडे येतात, आणि एकदा लावलेले दोन-तीन वर्षे फुलत राहतात. शेवंतीला रात्री लांबू लागल्या की कळ्या येतात, त्यामुळे नाताळपर्यंत ती वेदीसाठी हाताशी असते. तिच्या डब्यावर रात्री विजेचा दिवा पडू देऊ नये.

खुरचाफ्यासाठी मात्र मे महिन्याच्या अखेरीस हातभर लांबीची, जून झालेली फांदी घ्यावी. ती लगेच लावू नये. चीक वाहू द्यावा आणि आठ-दहा दिवस ती सावलीत तशीच पडू द्यावी. आमच्या ओसरीवर या घटकेला अशा तीन फांद्या भिंतीला टेकून उभ्या आहेत. एक शेजारच्या मुसलमान भगिनींना हवी आहे, एक दफनभूमीच्या फाटकापाशी लावायची आहे. तिसरी कोणाची ते अजून ठरलेले नाही. पावसाला अवकाश आहे.